भेट घडवण्याची कारागिरी

अंधेरी तालुक्यात निरनिराळ्या धर्मांची, भाषांची आणि जातींची माणसे एकमेकांच्या दृष्टीसच पडत नाहीत, असे कोणी म्हणणार नाही. वर्सोव्याचा कोळीवाडा, मरोळ-आंबोलीची ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाणे, एमआयडीसी आणि १९७३ मध्ये सुरू झालेल्या सीप्झच्या आसपास वाढलेल्या कामगार वस्त्या, कोकणातून आलेली कुटुंबे, उत्तर प्रदेश-बिहारचे रिक्षावाले, उडुपी हॉटेलांत राबणारी कानडी-तुळू पोरे, जोगेश्वरीतले मुस्लिम मोहल्ले आणि लोखंडवालातले टॉवर हे सगळे काही किलोमीटरच्या टापूत आहे. २०१४ पासून वर्सोवा-घाटकोपर मेट्रो या साऱ्यांना एकाच डब्यात कोंबून नेते. तरीही याच तालुक्यातल्या जोगेश्वरीत जानेवारी १९९३ मध्ये राधाबाई चाळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गांधी चाळीतली खोली बाहेरून कडी घालून पेटवली गेली आणि सहा जण होरपळून मेले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांतल्या दंगलींत मुंबईत ९०० माणसे मेली. या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुस्लिम आणि २७५ हिंदू होते. मारणारे आणि मरणारे अनेक ठिकाणी एकाच नळावर पाणी भरणारे होते. तेव्हा शेजार आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे या शहरापुरते तरी सिद्ध झाले आहे. तरुणांसाठी आंतरसांस्कृतिक कार्यशाळा घेणाऱ्या कार्यकर्त्याचे काम इथून सुरू होते. या प्रकरणाचे म्हणणे असे, की अशा कार्यशाळेचे यश ती घेणाऱ्याच्या सद्भावनेपेक्षा तिच्या रचनेवर जास्त अवलंबून असते. सद्भावना शिकवता येत नाही. रचना शिकवता येते. म्हणूनच कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचा भर भाषणे, घोषणा आणि खाद्यमहोत्सवांवरून हलवून रचनेवर आणायला हवा.

लोकलचा डबा शाळा का होत नाही

पहिली हरकत मुंबईकरच घेईल. चौथ्या सीटवर सरकून जागा देणारे हे शहर; इथल्या पोरांना निराळ्या माणसांशी कसे वागायचे हे कार्यशाळेत कशाला शिकवायचे? या हरकतीला राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांच्या २००२ मधल्या अभ्यासात चांगले उत्तर सापडते. अलीगड आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत अशा जोड्या लावून त्यांनी विचारले, की लोकसंख्येत हिंदू-मुस्लिमांचे प्रमाण बरेचसे सारखे असताना एका शहरात दंगे का पेटतात आणि दुसऱ्यात का विझतात? त्यांचा निष्कर्ष असा, की रोजची उठबस, सणाची देवाणघेवाण, मुलांचे एकत्र खेळणे हे गावात पुरते. शहरात अफवांचा आणि चिथावणीचा दाब वाढला की ते तुटते. टिकतात ते संघटित संबंध: व्यापाऱ्यांच्या संघटना, कामगार संघटना, वाचनालये, मिश्र सभासदांची मंडळे. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण भिवंडीचे. १९७० आणि १९८४ मध्ये तिथे भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये तिथे आलेले पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या बांधल्या, दोन्ही समाजांच्या माणसांना पोलिसांसह नियमितपणे एका खोलीत बसवले, आणि मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी राहिली. लोकलचा डबा आणि मोहल्ला समिती यांत फरक एवढाच, की डब्यात माणसे एकमेकांना सहन करतात आणि समितीत त्यांना एकमेकांबरोबर काहीतरी करावे लागते. ठरवून, नियमाने, कामासाठी झालेली भेट टिकते. कार्यशाळा ही अशा भेटीची छोटी आवृत्ती असायला हवी.

ही भेट कशी असावी, यावर मानसशास्त्रात सत्तर वर्षे काम झाले आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडले, की दोन गटांच्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचे असतील तर चार अटी लागतात: त्या प्रसंगापुरता तरी दोघांचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट सामाईक असावे, ते गाठण्यासाठी एकमेकांची मदत लागावी, आणि ज्यांचे म्हणणे दोन्ही गट मानतात अशा अधिकाराचा पाठिंबा असावा. २००६ मध्ये टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सरासरीने कमी होतात असे दिसले. या चार अटी पाळल्या तेव्हा परिणाम आणखी मोठा होता. त्याच १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका शिबिरात २२ मुलांचे दोन गट पाडून त्यांच्यात स्पर्धा लावली आणि वैर निर्माण केले. मग ते मिटवायला दोघांना एकत्र चित्रपट दाखवला, एकत्र जेवायला बसवले. जेवणाची ताटे एकमेकांवर फेकण्याची हत्यारे झाली. पाण्याची टाकी बंद पडली आणि अन्नाची गाडी अडकली, दोन्ही गटांनी मिळून हात लावल्याशिवाय ती चालेना, तेव्हा कुठे वैर ओसरले. प्रयोगकर्त्यांनी मुलांना बरेच हाताळले, अशी टीका या प्रयोगावर झाली आहे आणि ती रास्त आहे. तरीही सगळ्यांनी आपापल्या प्रांताचा पदार्थ आणला की आंतरसांस्कृतिक शिक्षण झाले, असे मानणाऱ्या आपल्याकडच्या अनेक कार्यक्रमांना त्या ताटांनी फार पूर्वीच उत्तर दिले आहे.

भारतातला पुरावा जास्त नेमका आहे. अर्थशास्त्रज्ञ मॅट लोव्ह यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत १,२६१ तरुणांना घेऊन क्रिकेटचा प्रयोग केला; तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. काही जणांना एकाच जातीच्या संघात टाकले, काहींना मिश्र संघात, काहींना खेळवलेच नाही. मिश्र संघात खेळलेल्यांच्या इतर जातींतल्या मैत्री वाढल्या. दुसऱ्या जातीचे खेळाडू ज्यांना फक्त समोरच्या संघात भेटले, त्यांच्यात तो परिणाम उलटा गेला. खेळ तोच, मैदान तेच, माणसे तीच. फरक फक्त संघ कसे पाडले याचा. मुंबईच्या मोहल्ला समित्यांनीही क्रिकेटचे सामने भरवले आहेत. कोणत्याही मैदानावर अशी स्पर्धा घेताना कार्यकर्त्याने विचारायचा पहिला प्रश्न चषकाचा नाही, संघ कसे पाडायचे हा आहे. दुसरा पुरावा दिल्लीचा. तिथल्या खासगी शाळांना गरीब मुलांसाठी जागा राखून ठेवण्याची सक्ती झाल्यानंतर गौतम राव यांनी श्रीमंत मुलांची वर्तणूक तपासली. गरीब वर्गमित्र असलेली मुले जास्त उदार निघाली आणि शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला कमी टाळू लागली. विशेष म्हणजे काही शाळांत अभ्यासगट नावांच्या वर्णानुक्रमाने पाडले जात. नाव जवळ आले म्हणून एकाच गटात पडलेल्यांवर परिणाम जास्त होता. वर्गात एकत्र असण्यापेक्षा एका गटात एकत्र काम करणे प्रभावी ठरले. गट पाडणे हे दिसायला किरकोळ काम. प्रशिक्षणात मात्र त्याला अर्धा दिवस द्यावा एवढे ते मोलाचे आहे.

आपल्या शिबिरांत काय आहे आणि काय नाही

हे सगळे परदेशी ज्ञान आहे, आपल्या मातीत त्याला जागा नाही, ही दुसरी हरकत. वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. महाराष्ट्राला शिबिराची परंपरा मोठी आहे. १९४१ मध्ये एस. एम. जोशी यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्र सेवा दल उभे राहिले. संध्याकाळची शाखा, समूहगीत, खेळ, श्रमदान आणि कलापथक यांतून निरनिराळ्या जातींची मुले आठवड्यातून अनेकदा एकत्र येत. साने गुरुजींनी अखेरच्या वर्षांत आंतरभारतीची कल्पना मांडली: एका प्रांताच्या तरुणाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथे राहावे, तिथले साहित्य आपल्याकडे आणावे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास काम करावे लागते आणि सात दिवसांचे विशेष शिबिर असते. एस. एन. सुब्बराव यांनी राष्ट्रीय युवा योजनेमार्फत देशभर एकात्मता शिबिरे घेतली. बाबा आमटे १९८५ मध्ये तरुणांना घेऊन कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर ‘भारत जोडो’साठी निघाले. ऑलपोर्ट यांच्या चार अटींपैकी सामाईक उद्दिष्ट आणि परस्परमदत या दोन अटी श्रमदानाने, तर अधिकाराचा पाठिंबा ही अट संस्थेच्या नावाने पुरी होत होती. ऑलपोर्ट यांचे नाव न घेता आपण त्यांच्या वाटेने बरेच अंतर चाललो होतो.

उणीव राहिली ती समान दर्जाच्या उरलेल्या अटीत आणि बोलण्यात. आपल्या शिबिरात दुपारी बौद्धिक असते. एक मोठा माणूस समोर बसतो, समता सांगतो, शिबिरार्थी ऐकतात, शेवटी दोन प्रश्न विचारले जातात. ज्या मुलाच्या आडनावावरून शिबिरातच कुजबुज झाली, तो गप्प बसतो. ज्याने कुजबुज केली, तो टाळी वाजवतो. समता हा विषय होतो, अनुभव होत नाही. दर्जाची उतरंड बाहेरून आत येते आणि राहुट्यांच्या वाटपात, स्वयंपाकघराच्या कामात, कोणत्या भाषेत विनोद होतात यात तशीच बसून राहते. युरोपातल्या युवा प्रशिक्षणाकडून घेण्यासारखे आहे ते नेमके इथे. युरोप परिषदेचे युवा केंद्र १९७२ पासून स्ट्रासबर्गमध्ये आहे आणि १९९५ च्या वंशवादविरोधी मोहिमेपासून तिथे युवा कार्यकर्त्यांसाठी खेळांचे, सरावांचे संच तयार झाले. त्या संचातला खेळ हा निमित्तमात्र असतो. खरे शिक्षण त्यानंतरच्या चर्चेत होते. काय घडले, काय वाटले, बाहेरच्या जगात असे कुठे घडते, आणि आपण काय करणार, या क्रमाने सुलभक, म्हणजे चर्चा चालवणारा कार्यकर्ता, प्रश्न विचारत जातो. तिथल्या लांब पल्ल्याच्या प्रशिक्षणांत कार्यकर्ता आधी स्वतः त्या सरावातून जातो, मग आपल्या गटाबरोबर तो घेतो, आणि काही महिन्यांनी पुन्हा सहकाऱ्यांसमोर मांडून चुका तपासतो. आपल्या शिबिरातले श्रमदान ठेवून बौद्धिकाच्या जागी अशी चर्चा आणली, तर दोन्ही परंपरांचा उत्तम भाग हाती येतो.

परदेशी साहित्य इथल्या गटात कसे बसवायचे, याचा धडाही मुंबईतच आहे. ब्राझीलमधल्या तरुण पुरुषांबरोबरच्या कार्यक्रमावरून इथे ‘यारी-दोस्ती’ हे साहित्य तयार झाले. कोरो या संस्थेच्या सहभागाने, मुंबईच्या वस्त्यांतल्याच तरुणांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या वयाच्या मुलांशी पुरुषपणा, हिंसा आणि स्त्रियांशी वागणूक यांवर सत्रे घेण्यात आली. भाषा, प्रसंग, विनोद वस्तीतले होते आणि बोलणारा वस्तीतला होता. १९८४ मध्ये स्थापन झालेली युवा ही संस्थादेखील जोगेश्वरीच्या वस्त्यांमधल्या तरुणांबरोबरच्या कामातूनच वाढली. बाहेरून येऊन शिकवणाऱ्यापेक्षा वस्तीतच उभा राहिलेला सुलभक जास्त चालतो, हा या कामांचा धडा आहे. मात्र वस्तीतला माणूस आपोआप सुलभक होत नाही. तो कोणाचा तरी चुलतभाऊ, कुठल्या तरी मंडळाचा सभासद, एखाद्या जुन्या भांडणातली एक बाजू असतो. त्याला स्वतःकडेच बघायला शिकवणे हा प्रशिक्षणाचा पहिला धडा आहे.

काय शिकवायचे

आठ-दहा दिवसांच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ कशाला द्यावा? नकोसे विधान आल्यानंतरच्या पुढच्या दोन मिनिटांना. ‘ते लोक अस्वच्छच असतात’ किंवा ‘आमच्या सोसायटीत नॉनव्हेजवाल्यांना देतच नाहीत’ असे कोणी बोलले की अप्रशिक्षित कार्यकर्ता दोनपैकी एक गोष्ट करतो: विषय बदलतो किंवा बोलणाऱ्याला झापतो. पहिल्याने दुखावलेला एकटा पडतो, दुसऱ्याने बोलणारा कायमचा बंद होतो. तिसरी वाट शिकावी लागते: वाक्य व्यक्तीपासून सुटे करून गटासमोर ठेवायचे, हे आपण कुठे ऐकले, कोणाच्या अनुभवावर उभे आहे, याच्या उलट अनुभव कोणाचा आहे असे विचारायचे, आणि ज्याला लागले त्याला बोलण्याची सक्ती न करता संधी द्यायची. हे वाचून येत नाही. सहकाऱ्यांनीच अशी वाक्ये टाकायची आणि कार्यकर्त्याने ती झेलायची, असा सराव पुन्हा पुन्हा करावा लागतो. तबलजी एखादा बोल हातात बसेपर्यंत घोटतो, तसे.

दुसरा धडा सहभागींच्या इभ्रतीचा. परदेशी साहित्यात एक प्रसिद्ध खेळ आहे: सगळे एका रेषेत उभे राहतात आणि मिळालेल्या सवलतींप्रमाणे पुढे-मागे सरकतात. भारतात तो जसाच्या तसा खेळवला, तर दलित किंवा गरीब मुलगी सगळ्यांत मागे राहते आणि इतरांच्या शिक्षणासाठी तिचे दुःख प्रदर्शनाला ठेवले जाते. युरोप परिषदेच्या २००२ च्या ‘कंपास’ या पुस्तिकेतल्या याच जातीच्या सरावात प्रत्येकाला काल्पनिक भूमिकेची चिठ्ठी दिली जाते. अंधेरीत त्या चिठ्ठ्या इथल्याच हव्यात: वर्सोव्याच्या बाजारात बसणारी कोळीण, मरोळच्या कारखान्यातला बिहारी कंत्राटी कामगार, लोखंडवालात घरकाम करणारी बाई, ती काम करते त्या सोसायटीचा सचिव, रात्रपाळी करून कॉल सेंटरच्या गाडीतून परतणारी मुलगी, भाड्याने घर शोधणारे नवविवाहित मुस्लिम जोडपे. ‘मला घर भाड्याने मिळते’, ‘पोलीस माझी तक्रार लिहून घेतात’, ‘माझ्या भाषेत फॉर्म मिळतो’ अशी विधाने वाचली की कोण कुठे उभे राहिले ते दिसते, आणि कोणाच्याही खासगी आयुष्याला हात न लावता चर्चा नेमक्या जागी पोचते. जात किंवा धर्म कोणालाही विचारायचा नाही. सांगायचे असेल तर सांगणाऱ्याने आपण होऊन सांगायचे. हा नियम प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी पक्का व्हायला हवा.

तिसरा धडा व्यवस्थेचा, आणि तो सगळ्यांत जास्त दुर्लक्षित आहे. दर्जाची समानता जागेवरून, वेळेवरून आणि भाषेवरून ठरते. मंदिराच्या सभामंडपात किंवा मदरशाच्या खोलीत कार्यशाळा घेतली, तर एक गट यजमान आणि दुसरा पाहुणा होतो. महापालिका शाळेचा वर्ग त्यापेक्षा बरा. रात्री आठपर्यंत सत्र चालवले तर मुली गळतात. रमजानच्या दुपारी जेवणाची सुट्टी ठेवली किंवा गणपतीच्या आदल्या आठवड्यात शिबिर घातले, तर कोणता गट येणार हे आपणच ठरवून टाकतो. सगळे सत्र हिंदीत चालले तर मराठी माध्यमाची मुले मागे पडतात. मराठीतच चालवले तर तमिळ किंवा भोजपुरी घरातली गप्प होतात. इंग्रजी आली की कॉन्व्हेंटवाली पुढे सरसावतात. म्हणून गटातल्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत सुरुवात करू देणे आणि शेजाऱ्याने ते दुसऱ्याला समजावणे, हा सरावाचाच भाग करता येतो. अधिकाराच्या पाठिंब्यासाठी मुख्याध्यापक, वस्तीतले मंडळ, मशिदीचे ट्रस्टी, चर्चचा फादर आणि स्थानिक पोलीस ठाणे यांना आधी भेटून कल्पना द्यावी लागते. पुढे एखाद्या पालकाने ‘आमच्या मुलीला तिथे कशाला नेता’ असे विचारले, तर उत्तर कार्यकर्त्याला एकट्याने द्यावे लागू नये.

मर्यादा

आता सर्वांत जड हरकतीकडे येऊ. दंगल पूर्वग्रहातून होत नाही, ती घडवली जाते, असे म्हणणारे चुकीचे नाहीत. श्रीकृष्ण आयोगाने जानेवारी १९९३ च्या हिंसेत शिवसेनेच्या नेतृत्वाची भूमिका आणि पोलिसांमधला पक्षपात या दोन्हींवर स्पष्ट बोट ठेवले. ज्या गुन्ह्यांना शिक्षा झाली नाही, त्यांची भरपाई तरुणांच्या खेळांनी होत नाही. कार्यशाळा न्यायाच्या जागी ठेवली, तर ती अन्यायावरचा रंग ठरते. असगर अली इंजिनिअर यांनी १९९३ मध्ये स्थापन केलेले सांताक्रूझचे समाज आणि धर्मनिरपेक्षता अध्ययन केंद्र तरुण, शिक्षक आणि पोलीस यांच्याबरोबर प्रशिक्षणे घेत आले, आणि त्याच वेळी दंगलींचे दस्तऐवजीकरणही करत आले, ते याच कारणाने. पण चिथावणी देणाऱ्याला पाय ठेवायला जमीन लागते. अफवा ऐकल्यावर फोन करून खात्री करावी असा मिश्र ओळखीचा माणूस ज्या गल्लीत असतो, तिथे ती जमीन आकसते. भिवंडीचा धडा तोच होता.

परिणाम टिकतो का, हा प्रश्न तितकाच प्रामाणिक आहे. सालमा मूसा यांनी इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चनांच्या फुटबॉल लीगमध्ये मुस्लिम खेळाडू मिसळले. त्यांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष कार्यकर्त्याने पाठ करावा असा आहे: मिश्र संघातले खेळाडू मैदानावर बदलले, मुस्लिम खेळाडूंबरोबर सहा महिन्यांनीही सराव करत राहिले, पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांकडे बघण्याची त्यांची दृष्टी फारशी बदलली नाही. २०१९ मध्ये एलिझाबेथ पॅलक आणि सहकाऱ्यांनी काटेकोर यादृच्छिक प्रयोगांचे २७ अभ्यास तपासले, तेव्हा वंश किंवा जमातीच्या पूर्वग्रहांवरचा परिणाम इतर पूर्वग्रहांपेक्षा कमकुवत दिसला. म्हणजे एका दिवसाच्या कार्यशाळेने ‘मने बदलली’ असे अहवालात लिहिणे अप्रामाणिकपणाचे आहे. पण याच निष्कर्षांतून प्रशिक्षणाची दिशाही मिळते. ओळख गटापुरती राहत असेल, तर गट मोठा आणि दीर्घायुषी करायचा: एकाच कार्यशाळेऐवजी पंधरवड्यातून एकदा भेटणारा मिश्र गट, त्याच्याकडे पाण्याची वेळ, ग्रंथालयाची जागा, रस्त्यावरचा दिवा असे सोडवायला एखादे खरे काम, आणि त्या कामासाठी वॉर्ड कार्यालयात जाणारे शिष्टमंडळ नेहमी मिश्र. अशा वेळी तरुण एकमेकांना धर्माचे प्रतिनिधी म्हणून भेटत नाहीत. पाणी वेळेवर न येणारे रहिवासी म्हणून भेटतात.

म्हणून कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणाचे मोजमापही बदलायला हवे. किती कार्यशाळा झाल्या, किती तरुण आले, किती प्रमाणपत्रे वाटली, हे आकडे देणगीदाराला सोयीचे असले तरी विषयाला नाहीत. सहा महिन्यांनी गट अजून भेटतो का, त्यात मुली टिकल्या का, आडनावांचे प्रमाण एकाच बाजूला कलले का, भांडण झाले तेव्हा ते गटात मिटले की घरोघरी गेले, आणि सुलभकाने स्वतःच्या जागी दुसरा कोणी तयार केला का, हे विचारावे. या प्रश्नांची उत्तरे प्रशिक्षण संपताच मिळत नाहीत. म्हणून प्रशिक्षणाचा खर्च आठ दिवसांचा धरून चालत नाही, वर्षाचा धरावा लागतो, आणि ज्या तरुण कार्यकर्त्याला हे सांभाळायचे आहे त्याचे मानधनही तेवढाच काळ चालावे लागते. सद्भावनेच्या एका दिवसाला पैसे मिळणे सोपे; रचनेच्या एका वर्षाला मिळवणे अवघड. अंधेरीसारख्या ठिकाणी माणसे आधीच शेजारी आहेत, त्यांना भेटवण्यासाठी प्रवासाचा खर्च नाही. खर्च आहे तो ती भेट नीट घडवणाऱ्या हातांवर, आणि या कामात सगळ्यांत आधी तोच करायला हवा.